ओल्या कापसातला खडा

ओपलला ओल लागते, एवढी साधी गोष्ट आहे. दगडातलं पाणी उडालं की रंग मरतात. पण आमच्या प्रेशोव शहरात हे कुणाला पटेल तर शपथ! इथे मूल जन्मलं की डोंगरातल्या जुन्या खाणीचा एक ओपल त्याच्या नावाने घ्यायचा. मूल परदेशी गेलं की आईने तो आपल्या अंगठीत घालायचा. खड्यात रंग खेळताहेत तोवर लेकरू सुखरूप. माणूस गेलं की त्याचा खडा डोंगरावर नेऊन पुरायचा. चाळीस वर्षं मी खडे बसवतोय आणि चाळीस वर्षं या खुळेपणाला हसतोय.

माझी बायको मार्गिता गेली त्या दिवशी तिचा खडा राखाडी झाला. होणारच, आजारपणात महिनाभर शेगडीजवळ पडून होता. मी तो पुरला नाही. आपला नाही बुवा विश्वास, असं लोकांना सांगायचो. खरं म्हणजे तिचं म्हणून काहीतरी जवळ हवं होतं. पेलाभर पाण्यात टाकून दुकानाच्या खिडकीत ठेवला. तीन वर्षं तो तिथे तसाच, शिळ्या माशाच्या डोळ्यासारखा. त्याच्याशी मी बोलायचोसुद्धा. दुसरं होतं कोण बोलायला?

फेब्रुवारीत बेकरीवाल्या हर्मिनाबाई अंगठी घेऊन आल्या. खडा धरणारी एक नखी तुटली होती.

“जपून हं उस्ताद. माझ्या सिप्रिआनचा आहे.”

“दगड आहे हो बाई तो.”

“तुमच्या तोंडाला कोण लागणार! दीड महिना झाला, जहाजावरून पोराचा फोन नाही. हा खडा तेवढा बोलतो माझ्याशी.”

नखी ज्योतीवर झाळायची, म्हणजे डाग देऊन जोडायची, तर आधी खडा काढायचा. कालच्या शिकाऊलाही हे ठाऊक असतं. पण तो गुरुवार होता, मार्गिताला जाऊन त्या दिवशी तीन वर्षं झाली होती, आणि माझं सारं लक्ष खिडकीतल्या पेल्याकडे. मी तशीच ज्योत लावली. टच्चकन आवाज झाला. खड्याचे दोन तुकडे, आणि रंग पार गेलेले.

त्या बाईला काय तोंड दाखवू? तेवढ्याच मापाचा दुसरा खडा दुकानात एकच होता. राखाडी का असेना, घासूनपुसून काहीतरी करू म्हटलं. पेल्यातून काढला, बसवला, शेवटची नखी दाबली.

तो आतून पेटला. आधी हिरवा, मग तांबडा. उन्हाची तिरीप असेल म्हणून मी खिडकी लावली. दिवा मालवला. रंग होतेच.

हर्मिनाबाई अंगठी बघून रडल्याच. शनिवारी धावत आल्या. “फोन आला उस्ताद! जहाजावर वाफेचा नळ फुटला हो. डॉक्टरांनी तोंडावर चादर ओढली होती, आणि पोरगा उठून बसला!”

“कधी?”

“गुरुवारी, अकराच्या सुमाराला.”

मी ज्योत लावली तेव्हा चर्चची अकराची घंटा झाली होती. योगायोग, मी स्वतःला बजावलं.

मार्चमध्ये सिप्रिआन आभार मानायला आला. तिशीचा धिप्पाड गडी, माझ्या दुकानात पहिल्यांदाच. टोपी काढली आणि सरळ शेगडीपाशी गेला.

“बोक्या, परत धुराड्याची झडप बंद ठेवलीस? गुदमरून मरशील एक दिवस.”

मग स्वतःच गोंधळला. “माफ करा उस्ताद. कसं आलं तोंडात कोण जाणे.”

बोक्या मला एकच माणूस म्हणायचं, आणि तेही घरात, दार लावल्यावर. मी उठून झडप उघडली.

तेव्हापासून तो दर गुरुवारी चारला येतो. चहा घेतो, मार्गिता घ्यायची तसा, कपाचा कान डावीकडे वळवून. फार बोलत नाही. भ्यायला हवं होतं मी, पण सुखावलो. तीन वर्षांत पहिल्यांदा दुकानात दोन कप विसळले.

ईस्टरच्या आधी हर्मिनाबाई आल्या. डोळे खोल गेलेले. अंगठी काढून माझ्यापुढे ठेवली.

“खरं सांगा उस्ताद. हाच का माझ्या पोराचा खडा?”

“असं का विचारता?”

“कोबीचं सूप जन्मभर ओरपायचा, आता शिवत नाही. मला ‘बाई’ म्हणतो. काल जेवताना म्हणाला…” त्यांनी अंगठी माझ्याकडे आणखी सरकवली. “म्हणाला, ‘बाई, तुमचा मुलगा कधी यायचाय?’”

खरं बोललो असतो तर त्यांनी ते दोन तुकडे डोंगरावर नेले असते. पोराला पुरलं असतं, रडल्या असत्या. एवढंच मागायला आल्या होत्या त्या.

गुरुवार होता. पावणेचार वाजले होते.

मी भिंग लावून अंगठी उगाच इकडेतिकडे फिरवली.

“तोच आहे, बाई. दगड कुठे बदलतात?”

त्या अंगठी बोटात घालून गेल्या.

मी खण उघडला. दोन्ही तुकडे ओल्या कापसात ठेवलेत. रोज सकाळी न चुकता कापूस भिजवतो, तेवढं तरी करतो. आज कापूस कोरडा पडला होता, कडेने करपलेला. बोट लावलं तर चटका बसला. दीड महिन्यानंतरही.

पायरीवर बूट झटकल्याचा आवाज आला.

मी खण लावला. दोन कप मांडले आणि एकाचा कान डावीकडे वळवून ठेवला.