पुढच्या इंजिनाचा ताप

गाडी रोह्याला पोचली, इंजिन भंगारातून वाचलं आणि मुलांचा सत्कार झाला. वाचकांनी हे वाक्य वाचलंच नाही असं समजावं. गाडी अजून कळंबोलीजवळच उभी आहे, इंजिन बंद आहे आणि सत्कारबित्कार कुणाच्या स्वप्नातही नाही.

सकाळी मुलुंडहून ही खास सहलगाडी थाटात निघाली होती. पुढे दोन जुनी डिझेल इंजिनं, एकाच वर्षी जन्मलेली. नारळ फुटला, हार चढले. मग सहल मंडळाच्या विद्याधरकाकांनी पुढच्या इंजिनाच्या कुशीला भलामोठा फ्लेक्स बांधून घेतला. त्यावर मंडळाचे झाडून सगळे सभासद गॉगल लावून हसत होते. इंजिनाचा फोटो कोपऱ्यात होता, पोस्टाच्या तिकिटाएवढा.

आणि आता तेच इंजिन तापून बंद पडलं होतं. रेल्वेच्या वसुधा मॅडमनी निर्वाणीचं सांगितलं: पेणपर्यंत बघायचं. तिथेही तापलेलंच पोचलं तर विजेचं इंजिन जोडू, आणि हे म्हातारं थेट भंगारात.

सहलीला आलेल्या गंधालीचे आजोबा गुणाजी, म्हणजे आबा, याच इंजिनावर ड्रायव्हर होते. त्यांनी घावण्यांचा डबा न उघडताच बाजूला सारला. "तेका काय झाला, ता माका कळणा नाय," एवढंच म्हणाले. आबांनी घावणे नाकारले म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

शेजारच्या यज्ञेशचं मत पडलं, की वय झालं की असं होतंच. गंधालीने विचारलं, मग मागचं इंजिन त्याच वयाचं असून ठणठणीत कसं? यज्ञेश म्हणाला, ते योगासनं करत असेल.

इंजिन थंड झाल्यावर गाडी पुन्हा निघाली. एका वळणावर खिडकीला नाक लावून बसलेला गंधालीचा धाकटा भाऊ मुकुल म्हणाला, "ताई, विद्याधरकाका बारीक झालेत."

काका तर समोर बसून बटाटेवडा खात होते. पण मुकुल फ्लेक्सकडे बघत होता. एरवी फ्लेक्स वाऱ्यावर फडफडतो. हा इंजिनाच्या अंगाला घट्ट चिकटला होता, आणि सगळ्या सभासदांची गालफडं आत गेली होती.

आपट्याला इंजिन पुन्हा तापलं, बंद पडलं, आणि सभासदांचे गाल पुन्हा भरले.

"आबा," गंधालीने विचारलं, "इंजिनाचं नाक कुठे असतं?"

"कुशीत. जाळी असता थंय, वारो आत ओढूक..." आबा बोलता बोलता ताठ झाले. "फ्लेक्स खंय बांधलोहा गो?"

मुलं काकांकडे धावली. काका म्हणाले, रोह्याला पाहुणे येणार आहेत, फ्लेक्सला हात लावायचा नाही, आणि मॅडमना त्रासही द्यायचा नाही. मुलांनी अंताक्षरी खेळावी.

गंधालीने सुस्कारा सोडला. "राहू दे रे यज्ञेश. रोह्याला इंजिन फलाटाच्या पार पुढे जाऊन थांबणार. पाहुणे येणार पहिल्या डब्यापाशी. त्यांना फक्त डबाच दिसणार, बिचाऱ्यांना."

वडा काकांच्या घशातच थांबला. दुसऱ्या मिनिटाला ते स्वतः फलाटावर ओरडत फ्लेक्स सोडवून घेत होते. घाईत तो पहिल्या डब्याच्या संडासाच्या खिडकीवर बांधला गेला. आत कुणीतरी दिवा लावा म्हणून हाका मारत होतं.

गाडी निघाली. पेण आलं, तरी इंजिन तापलं नव्हतं. विजेचं इंजिन बाजूच्या रुळावर तयार उभं होतं. गंधालीने आबांचा हात घट्ट धरला. म्हाताऱ्या डिझेलने धूर सोडला, भोंगा दिला आणि पेण मागे टाकलं.

नागोठणं यायच्या आत घावणे संपले होते.

रोह्याला वसुधा मॅडमनी सगळी हकिकत ऐकली, मुलांच्या पाठी थोपटल्या आणि इंजिन सहलींसाठी कायम राहील असं जाहीर केलं. काकांनी मुलांना शाली घातल्या आणि फ्लेक्स हलवण्याचा निर्णय मंडळाचाच होता असं भाषण केलं. आबा गंधालीच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

बक्षीस काय हवं, असं मॅडमनी विचारलं. गंधालीने तिथेच लिहून दिलं:

"महोदया, सदर इंजिनास शालेय विद्यार्थ्यांप्रमाणे संपूर्ण मे महिन्याची सुट्टी मंजूर करून आजोळी पाठवण्यात यावे, ही नम्र विनंती. सोबत म्हणून खाली सही करणारे तिघे जाण्यास तयार आहेत. आजोळ नेमके कुठे, हे आपल्या खात्याने शोधून कळवावे."