करडीची नायिका

मंडईच्या दिवशी सकाळी कुंता करडीला एसटीतून उतरली, तेव्हा तिला न्यायला एकच माणूस आला होता. बैलगाडी सावलीत लावून तो उभा होता. पंचविशीचा, सावळा, दाढीमिशी सफाचट, आणि भुवया... भुवया चक्क कोरलेल्या! कुंताला हसू आलं, पण तिनं ते पदरात दाबलं.

ही गोष्ट १९७३ ची. कुंता भंडाऱ्याची, तिचे वडील वैनगंगेत मासे धरायचे. शाळेच्या गॅदरिंगमधलं तिचं काम पाहून नागपूरच्या एका नाटकवाल्यानं तिला बोलावलं होतं. भंडाऱ्याकडच्या झाडी मुलखात दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. नट गावातले, नायिका तेवढी बाहेरून आणायची. तसली कामं ती दोन हंगामांपासून करत होती.

"तुमच्या गावचा हिरो कोन हाय जी?" गाडीत बसताना तिनं विचारलं.

"मीच." तो बैलांकडे पाहत म्हणाला. "औंदा हिरो हावो. मांगच्या सालपर्यंत हिरोइन होतो."

आता मात्र ती खळखळून हसली. तोही हसला. त्याचं नाव मुरारी. घरी धानाची शेती आणि विधवा आई, गोदावरीबाई. करडीच्या नाटकांत आजवर लुगडं नेसून नायिका तोच व्हायचा. या वर्षी गावच्या नाटक मंडळानं ठरवलं, खरीखुरी बाई आणायची.

दुपारी शाळेच्या पडवीत तालीम झाली. नाटक आधी गावात होऊन गेलेलं, त्यामुळे नायिकेची वाक्यं मुरारीला तोंडपाठ. कुंता बोलू लागली की त्याचे ओठही हलायचे. शेवटी ती थांबली.

"माह्या वाक्याले तुमचे ओठ काहून हालून राहिले?"

"आदत हाय जी... तुमी बोला, मी तोंडावर हात ठेवतो."

"हिरो काय तोंडावर हात ठेवून पिरेम करन?" ती एक पाऊल जवळ आली. "माह्या डोळ्याकडं पाहा. ओठ आपसूक थांबतीन."

त्यानं पाहिलं. ओठ थांबले. पण पुढचं वाक्य त्याचंच होतं — आणि तेही थांबलं. पडवीत सगळे वाट पाहत राहिले. कुंतानंच मग त्याचं वाक्य हळूच पुटपुटून दिलं.

त्यानंतर मंडईची तारीख ती दर वर्षी करडीसाठी राखून ठेवू लागली. आणायला मुरारीच यायचा. स्टँडापासून गावात यायला दर वर्षी जास्त वेळ लागू लागला.

"बैल बुढे झाले का?" ती विचारायची.

"नाही जी. समजदार झाले."

१९७७ मध्ये आंबागडच्या किल्ल्याखाली एका मराठी चित्रपटाचं काही दिवस शूटिंग झालं. तिथं कुंताला छोटं काम मिळालं. दिग्दर्शकाला ते आवडलं आणि त्यानं तिला मुंबईला यायला सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी थेट करडीला आली. खळ्यावर धानाची चुरणी, म्हणजे मळणी, चालली होती. मुरारीच्या केसांत भूस अडकलेलं.

"मुंबईले बोलावलं मले," ती म्हणाली. "जाऊ का?"

त्यानं केसांतलं भूस झटकलं आणि म्हणाला, "माह्यासंग लगन करशीन?"

"करीन... मुंबईले जाऊनही करीन."

गोदावरीबाई सूप घेऊन तिथंच उभ्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "पोरी, तू चांगली हायस. पन नाटक-सिनेमा सोडशीन तं या घरात ये. रोज दुसऱ्याची बायको होनारी सून मले नोको."

कुंतानं मुरारीकडं पाहिलं. तो धानाच्या राशीकडं पाहत होता. तिनं थोडा वेळ वाट पाहिली, आणि त्याच दिवशीच्या गाडीनं भंडाऱ्याला परतली.

मुंबईत तिचं बरं चाललं. पडद्यावर ती कधी नायकाची बहीण झाली, कधी वहिनी. पोस्टरवर तिचा चेहरा कोपऱ्यात असायचा. रंगभूमीवर मात्र तिला मुख्य भूमिका मिळाल्या. तिच्या नावावर तिकिटं खपू लागली. एका निर्मात्यानं लग्नाचं विचारलं, तिनं हसून नाही म्हटलं. कारण तिनं कुणाला सांगितलं नाही.

इकडं मुरारी मुली पाहायला जायचा, चहा प्यायचा आणि नाही म्हणून परत यायचा. गोदावरीबाई आधी चिडल्या, मग थकल्या. एका मंडईत टुरिंग टॉकीज आली, तेव्हा शेजारणीनं त्यांना ओढून नेलं. पडद्यावर कुंता नायकाच्या भावाची बायको होती, आजारी सासूला भरवत होती. गोदावरीबाई डोळे पुसत घरी आल्या. दोन दिवस मुरारीशी बोलल्या नाहीत.

१९८४ च्या हिवाळ्यात कुंताचं नाटक भंडाऱ्याला आलं. दुपारी ती मोकळ्या रंगमंचावर उभी राहून आवाज कुठवर पोचतो ते पाहत होती. मागच्या खुर्च्यांतून एक माणूस उठून पुढं आला. कानाशी केस पिकले होते.

"पोचून राहिला आवाज," मुरारी म्हणाला.

"कायले आला?"

"त्या दिवशी मी काहीच बोललो नाही... आज बोलाले आलो. काम सोडू नोको. मुंबईत राहा, नाई तं कुठंही राहा. पन माही होऊन राहा."

"अन तुही माय?"

नाट्यगृहाच्या दारात उभ्या असलेल्या गोदावरीबाई तिथूनच बोलल्या, "मीच आनलं त्याले. सात साल विचार करून राहिली मी. माहा पोरगा लुगडं नेसून नाचे, तवा मी पुढं बसून टाळ्या वाजवो. बाईनं तेच केलं तं मले लाज काहून वाटली?" त्या जवळ आल्या. "अट-बिट काही नाही आता. येशीन का?"

कुंता रंगमंचाच्या कडेवर बसली. तिनं होकाराची मान हलवली.

फाल्गुनात करडीला लग्न झालं. धान घरात येऊन मंडया संपल्या की मुरारी तिच्याबरोबर मुंबईला जाई, आणि पावसाळ्यात धानाच्या रोवणीच्या, म्हणजे लावणीच्या, आधी परत येई. दिवाळीनंतर ती इकडं, झाडीच्या मंडयांत. लोक म्हणत, हा कसला संसार! दोघं ऐकून घेत.

लग्नानंतरच्या पहिल्या मंडईला करडीच्या नाटकात कुंता नव्हती. तिनं त्याच दिवशीची आंबागडच्या मंडईची तारीख घेतली होती. मुरारीनं मंडळाला सांगितलं, औंदा हिरो दुसरा पाहा. आणि आईला घेऊन दुपारच्या एसटीनं तो आंबागडला निघाला, पुढं बसून टाळ्या वाजवायला.