श्वासाला किती वॉट लागतात

"मॅडम, यावर तंबूतले दिवे चालतात, पंखा चालतो, कॉफीचं मशीन चालतं, लहान फ्रिजसुद्धा चालतो!" दुकानातला टायवाला विक्रेता त्या करड्या बॅटरीच्या पेटीवर थोपटत म्हणाला.

"माझ्या बाबांचा श्वास चालेल का?" मी विचारलं.

त्याचा हात पेटीवरच राहिला. असा प्रश्न त्याच्या पाठांतरात नव्हता. मी तरी काय करणार? गेला अर्धा तास तो मला डोंगर, तळी आणि शेकोटीची चित्रं दाखवत होता. जणू मी सहलीलाच निघाले होते!

बाबांची फुफ्फुसं थकली होती. खोलीत ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र घरघरत असायचं. महिन्याभरापासून आमच्या भागात लाइट जायला लागले होते, कधी दोन तास, कधी चार. मागच्या मंगळवारी राखीव सिलिंडर संपला आणि लाइट यायला अजून चाळीस मिनिटं होती. ती चाळीस मिनिटं मी वर्तमानपत्राने वारा घालत बसले होते. बाबांचे ओठ निळे पडत होते आणि मी वेड्यासारखी त्यांना मोठमोठ्याने बातम्या वाचून दाखवत होते. लाइट आल्यावर बाबा म्हणाले, "बघ, निघाला की नाही तेवढा वेळ!"

"मशीन किती वॉटचं आहे?"

हा आवाज मागून आला. काउंटरच्या आतल्या अंगाला दुरुस्तीचं टेबल होतं. त्यामागे एक माणूस कसलीशी तार जोडत बसला होता. जळक्या डिंकासारखा वास, कपाळावर चढवलेला चष्मा, बाह्या दुमडलेल्या… आणि डोळे थेट माझ्याकडे.

"मागे लिहिलंय. साडेतीनशे."

"लिहिलेलं सोडा. खातं किती?"

"मोजलं नाही. आम्ही त्याला जेवायला वाढत नाही."

तो हसला नाही. पण ओठाचा एक कोपरा जरासा हलला, आणि मला उगीचच बरं वाटलं. खणातून त्याने मुठीएवढा एक मीटर काढला. "हा भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा. त्यात मशीनची पिन. दोन दिवस आकडे लिहा, मग या. तोवर मी तुम्हाला काहीही विकणार नाही."

टायवाल्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

"आणि दोन दिवसांत लाइट गेले तर?" मी चिडून विचारलं. राग माझ्या नाकावरच असतो. फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायचं माझं काम. दिवसभर गोड बोलून झालं की संध्याकाळी माझ्याकडे गोडवा शिल्लक उरत नाही.

त्याने टेबलाखालून एक जुनी, ओरखडे पडलेली पेटी काढली. "ही माझी. लहान आहे, पण दोन तास ओढेल. घेऊन जा."

"ओळख ना पाळख, आणि देताय?"

"मीटर परत द्यायला याल तेव्हा होईल ओळख."

तर अशी झाली सुरुवात. इतर मुलींना फुलं मिळतात, मला मीटर मिळाला.

मी आकडे लिहिले. सकाळी तीनशे पाच, दुपारी तीनशे दहा. त्या कागदावर त्याने माझ्यासमोर हिशेब मांडला. दुकानातल्या पेटीवर हजार वॉट-तास लिहिलेलं असलं तरी हातात साडेआठशेच येतं, बाकीचं ती पेटी स्वतःच गिळते. म्हणजे पावणेतीन तास. "तुमच्याकडे लाइट चार तास जातात. मधल्या सव्वा तासात काय करणार?"

"बातम्या वाचून दाखवीन," मी म्हणाले, आणि तो कागद उलटा करून ठेवला. त्याने पाहिलं, आणि पाणी वगैरे काही पुढे केलं नाही. मग हळूच म्हणाला, "दुप्पट क्षमतेची घेऊ. साडेपाच तास. वजन बावीस किलो आहे, पण ते माझ्यावर सोडा."

तिसऱ्या मजल्यावर ती पेटी त्यानेच खांद्यावरून आणली. भिंत आणि मशीन यांच्या मधोमध बसवली. लाइट गेले की डोळ्याची पापणी लवायच्या आत पेटी सूत्रं हातात घेणार. त्याने मेन स्विच पाडून दाखवला. घरात अंधार झाला, आणि बाबांचं मशीन घरघरतच राहिलं. माझा जीव भांड्यात पडला.

बाबा खूश! आयुष्यभर त्यांनी जमिनीची मोजणी केली, अर्ध्याहून जास्त आयुष्य तंबूत काढलं. विजेरी, सेल, कंदील हे त्यांचे जुने सोबती. नाकात नळी घालून ते पेटीभोवती लहान मुलासारखे डोकावत होते.

"मिस्त्री, ही तंबूत चालते म्हणे?"

"तंबूसाठीच बनवलीय काका. ऊन असेल तर पॅनल पसरायचं, दिवसभर भरत राहते."

"मग मला एकदा तळ्यावर न्या. सहा महिने मुक्काम होता माझा तिथे. पाण्याला लागून तंबू होता."

"बाबा!" मी ओरडले. "डॉक्टर काय म्हणाले ते विसरलात?"

"डॉक्टर म्हणाले, फार दिवस नाहीत. मी कुठे विसरलोय?"

मिस्त्रीने खिशातून पेन्सिल काढली. (तोपर्यंत मीही त्याला मिस्त्रीच म्हणू लागले होते.) गाडीने दोन तास जायला, दोन यायला, गाडीतून पेटी भरता येते. तळ्याकाठी दोन तास, वर पॅनल. "जमतंय," तो म्हणाला. "भर दुपारी, ऊन असताना. येत्या रविवारी."

"तुला कोणी विचारलं?" मी त्याला जिन्यात गाठून विचारलं. "त्यांना काही झालं तर?"

"घरात काही होणार नाही याची खात्री आहे?"

"नाही…"

"मग?" तो दोन पायऱ्या खाली होता, म्हणून आमचे डोळे एका रेषेत आले होते. "आणि आता 'तू' म्हणालीस. परत घेऊ नकोस."

मी परत घेतलं नाही.

मग तो रोज यायला लागला. निमित्त पेटीचं. बाबा आणि तो तासन्‌तास गप्पा मारायचे. मी फोनवर कोणाच्या तरी तक्रारी ऐकत कान त्यांच्याकडे लावायची. एकदा बाबांनी विचारलं, "ही टिकते किती?"

"जेवढी जपाल तेवढी, काका. पूर्ण रिकामी होऊ द्यायची नाही. तिचंही आयुष्य मोजूनच असतं."

"आमच्यासारखंच की," बाबा म्हणाले, आणि दोघेही हसले. मीही हसले.

गुरुवारी मी दुकानात गेले. रविवारसाठी गाडीत पेटी भरायची तार आणायची होती. दहा मिनिटांचं काम. तीन वाजता हातात तार होती. पण त्याने चहा मागवला. बाहेर आभाळ भरून आलं होतं, टायवाला सुट्टीवर होता, आणि घरी पेटी होती… किती महिन्यांनी मी घड्याळाकडे न बघता बसले होते! त्याने मला तापलेल्या सळईने तारा जोडायला शिकवलं. माझं बोट चटकन भाजलं, तर त्याने ते हातात धरलं आणि सोडायचं विसरला. मीही आठवण करून दिली नाही.

"रविवार झाला," तो म्हणाला, "की पेटीचं काम संपलं. मग मी कुठल्या निमित्ताने येऊ?"

"निमित्त लागतंच का?"

"तुझ्या रागाला लागतं."

"माझा राग तुझ्यापुरता संपलाय," मी म्हणाले, आणि तिथून उठले तेव्हा साडेचार वाजले होते.

आमच्या इमारतीत अंधार होता. लाइट गेले होते. तरी मला काही वाटलं नाही. मी जिना चढताना चक्क गुणगुणत होते.

दार उघडलं. घरघर ऐकू आली नाही.

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. मान खांद्यावर कलली होती, नळी नाकातच होती. मशीनचं बटण बंद. पेटीचंही बंद. मी ते दाबलं, तर हिरवा आकडा उमटला: शंभर. पेटी पूर्ण भरलेली होती. बाबांचा हात गार पडला होता.

शेजारच्या काकू धावत आल्या, दारातच मटकन बसल्या. "अगं, लाइट दोनलाच गेले… मी तीनच्या सुमाराला डोकावले तर मशीन बंद. म्हटलं, चालू करू का? तर म्हणाले, नको, रविवारी न्यायची आहे, ऊन नाहीये, खर्च नको व्हायला. मी तासभर काढतो. परवाही काढला होता म्हणे…"

लाइट आल्यावर ती पेटी दोन तासांत पुन्हा भरली असती. पण बाबा सेलवर वाढलेले. त्यांच्या लेखी वापरलेलं ते गेलंच. तळ्यासाठी ते थेंब थेंब राखत होते. आधीची चाळीस मिनिटं निघाली होती, म्हणून तासही निघेल असं त्यांना वाटलं.

परगावचा दादा आला, सगळं उरकून गेला. त्याने विचारलं, "तू कुठे होतीस?" मी म्हणाले, "बाजारात, औषधं आणायला." त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताखाली मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मिस्त्री त्या दिवसांत माणसांच्या गर्दीत मागे उभा राहायचा आणि निघून जायचा. आठवड्याने, घर रिकामं झाल्यावर, तो दारात आला. आत आला नाही. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"जपा असं मी सांगितलं होतं त्यांना," तो म्हणाला. "मीच. काकूंनी सांगितल्यापासून मला झोप नाही."

"हो. तूच सांगितलंस."

मी खोटं कशाला बोलू? त्या आठ दिवसांत मी त्याला मनातल्या मनात शंभर वेळा दाराबाहेर काढलं होतं. त्याने मान हलवली. सफाई दिली नाही, आणि तेच मला सहन झालं नाही.

"आणि मी तीन वाजता निघायला हवं होतं," मी म्हणाले. "काकू डोकावल्या तेव्हा मी वाटेत असते. त्यांनी मशीन चालू केलं नाही, पण मी केलं असतं. माझं ते ऐकायचे."

"मी चहा मागवला नसता तर…"

"मी नाही म्हणू शकले असते. मला बसायचं होतं."

जिन्यातून कोणीतरी वर आलं, आमच्याकडे बघून पुढे गेलं.

"दादाला मी औषधाला गेले होते म्हणून सांगितलं," मी म्हणाले. "खरं फक्त तुला माहीत आहे."

"मी कधी कोणाला सांगणार नाही. आणि मी आलेलं नको असेल तर तसं सांग. तुला रोज आठवण करून द्यायला मी…" तो जायला वळला.

"थांब," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "तुला पाहिलं की मला तो दीड तास आठवतो. आठवतच राहणार. बाबा इथे एकेक श्वास मोजत होते तेव्हा मी तिथे हसत होते. पण खरं सांगू? माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दीड तास तोच होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तू गेलास तर हे मी दुसऱ्या कोणाला सांगू?"

तो रडायला लागला. मोठा माणूस, भिंतीला हात टेकून, अगदी आवाज करून. मी त्याच्या बाहीला धरून त्याला आत घेतलं आणि दार लावलं. मग बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच मीही रडले.