बारशाआधी सांगितलेलं नाव

बसा. विक्की, तो मोबाइल उलटा ठेव, उजेड डोळ्यांत येतो. उद्या तू झाडांचे बुडखे काढायला जाणार, आणि रात्री गार असतं म्हणून रात्रीच काम उरकणार, असं मघाशी छाती फुगवून सांगत होतास. जा बाबा, मी अडवत नाही. तुम्ही आजकालची मुलं अडवून अडता थोडीच. पण आधी माझ्या पुतण्याचं, रणजीतचं काय झालं ते ऐक. मला त्यानं ते एकदाच सांगितलं. पुन्हा विचारलं की उठून जातो.

मोशीत पहिला पंजा त्यानंच आणला. ट्रॅक्टरला पुढं लोडरचे दोन हात आणि बकेटच्या जागी पंजा. खाली सहा दात, वर दोन बोटं. बुडख्याखाली दात घालायचे, वरून बोटं आवळायची आणि हलवून हलवून उपटायचं, दाढ काढतात तसं. घाणेरीचं रान तर तो कवेत घेऊन उचलायचा. त्याचं काम बघायला लोक थांबायचे. त्यालाही ते आवडायचं.

तारीख सांगतो. शुक्रवार, बावीस नोव्हेंबर, दोन हजार चोवीस. दुसऱ्या दिवशी विधानसभेची मतमोजणी होती, म्हणून सगळ्यांना तो शनिवार निकालाचा म्हणून आठवतो. रणजीतला तो बारशाचा म्हणून आठवतो. त्याची पहिली मुलगी त्या शुक्रवारी अकरा दिवसांची होती. बायको रश्मी राजगुरुनगरला माहेरी, आणि शनिवारी सकाळी दहाला तिथंच बारसं. नाव ठरलेलं होतं, पण ते तिघांनाच ठाऊक. रणजीत, रश्मी आणि रणजीतची बहीण जयमाला, म्हणजे बाळाची आत्या. नाव पहिल्यांदा आत्यानं बाळाच्या कानात सांगायचं, तोवर ते कुणापुढं उच्चारायचं नाही, ही आमच्या घरातली रीत. रश्मीच्या आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

काम होतं चाकणच्या पुढं, भामा नदीच्या अंगाला. शेड बांधायला कुणीतरी तीन एकर घेतलेले. झाडं आधीच कापून नेली होती. राहिले होते एकतीस बुडखे आणि कडेचा झाडोरा. शनिवारी सकाळी सहाला भिंतीचा पाया खणणारे येणार होते. तसं शुक्रवारी दिवसाउजेडीच सगळं आटपलं असतं. पण सकाळी अकराच्या सुमाराला पंजाचा हायड्रॉलिक पाइप फुटला. रणजीत भोसरीला गेला, वर्कशॉपमधून नवा पाइप करून मिळायलाच संध्याकाळ झाली, येताना नाशिक रोडच्या गर्दीत अडकला. प्लॉटवर परत पोचला तेव्हा साडेआठ वाजून गेले होते.

त्यानं बायकोला फोन केला. "एकपर्यंत उरकतो. सकाळी आंघोळ करून सरळ तिकडंच येतो."

"उशीर केलात तर जयमालाताई तुम्हाला पाळण्याला हात लावू देणार नाहीत," रश्मी म्हणाली. दोघं हसले. त्यानं पाइप बसवला आणि कामाला लागला.

साडेअकरापर्यंत सव्वीस बुडखे निघाले. राहिला ओढ्याकडचा कोपरा. तिथं पाच बुडखे आणि त्यांच्या मधोमध बाभळीच्या काटेरी फांद्यांचा एक ढीग. ढिगावर चार दगड. रणजीतला वाटलं, झाडं कापणाऱ्यांनी टाकलेला कचरा असेल.

इथं तो चुकला. अरे, आपल्याकडं दात न आलेलं लेकरू गेलं तर त्याला जाळत नाहीत, पुरतात. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर काटे घालतात आणि काटे हलू नयेत म्हणून दगड ठेवतात. शेतकऱ्याच्या पोराला हे कळायला हवं होतं. पण मशीनवर बसलं की माणसाला जे समोर येईल ते उचलायचंच दिसतं. मी पण चाळीस वर्षं स्टिअरिंग धरलंय, मला माहीत आहे.

त्यानं पंजा घातला. ढीग एका घासात उचलला, दगडांसकट. पलीकडच्या मोठ्या ढिगावर नेऊन टाकला. वळला. हेडलाइटचा उजेड फिरत फिरत कोपऱ्यावर आला.

ढीग तिथंच होता.

वर चार दगड.

त्याला वाटलं, पंजातून सांडलं असेल. पुन्हा उचलला. या वेळी नजर पंजावरच ठेवली. सगळा ढीग पंजात होता, त्यानं स्वतः पाहिला. टाकला. वळला.

...तिथंच.

तो खाली उतरला. इंजिन चालू ठेवलं. जवळ जाऊन एका फांदीला हात लावला. फांदी ओली होती, आत्ता तोडल्यासारखी. आणि त्या तीन एकरांत हिरवी बाभळ एकही उरली नव्हती.

मला हे सांगताना तो खाली बघत होता. म्हणाला, तात्या, तेव्हाच निघायला पाहिजे होतं. पण पाचच बुडखे राहिले होते, आणि सकाळी बारसं.

तो परत वर चढला. तिसऱ्यांदा पंजा खाली नेला. दात मातीत घुसले. बोटं आवळली. लिव्हर ओढला.

पंजा वर येईना.

आंब्याचा बुडखा उपटणारा पंजा, विक्की. त्याला मूठभर काटे हलेनात. इंजिन घुसमटायला लागलं. ट्रॅक्टरची मागची चाकं जमिनीवरून सुटायला लागली. खालून कुणीतरी धरून ठेवलं होतं.

मग इंजिन बंद पडलं.

लाइट तेवढे चालू राहिले. उजेडाच्या कडेला एक बाई उभी होती. डोक्यावरून पदर, तोंड दिसत नव्हतं. हातात बाभळीची फांदी. काट्यांसकट मुठीत घट्ट धरलेली.

"तेवढं ऱ्हाऊ द्या, दादा."

रणजीतला वाटलं, जवळच्या वस्तीवरची असेल. "कुणाचं हाय, मावशी?"

"माझंच."

काटे आणि दगड कशाचे, ते आता कुठं त्याला कळलं. "लेकरू व्हतं?"

ती पुढं आली. हातातली फांदी ढिगावर ठेवली. तळहातानं दाबून नीट बसवली. काटे टोचले असतील, पण तिनं हात मागं घेतला नाही.

"अकरा दिसांची व्हती," ती म्हणाली. "नाव ठेवायचंबी ऱ्हायलं."

तुम्हाला वाटेल, तो घाबरला. नाही. अकरा दिवस ऐकून त्याला आपली पोरगी आठवली. त्याला दया आली, आणि त्या दयेनंच घात केला.

"मला म्हाईत न्हवतं, मावशी," तो म्हणाला. "चुकलं माझं. माझी बी पोरगी अकराच दिवसांची हाय. उद्या बारसं."

बाई पहिल्यांदा त्याच्याकडं वळली.

"नाव काय काढलंय?"

...

त्यानं सांगितलं.

बारशाच्या आधी. उघड्या रानात. पुरलेल्या लेकराच्या उशाशी उभं राहून... सांगितलं. काय नाव ते मला विचारू नका. रात्र आहे.

तिनं ते एकदा म्हणून पाहिलं. हळू. मग खाली वाकली. काट्यांना तोंड लावलं. आणि परत एकदा...

लाइट गेले.

किती वेळ, ते त्याला सांगता येत नाही. लाइट आले तेव्हा कोपऱ्यात कुणी नव्हतं. पंजा आपोआप उचलला गेला होता, रिकामा. फांद्या जागच्या जागी. मोबाइलवर बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. रणजीतनं पाच बुडखे तसेच सोडले. ट्रॅक्टर शेजारच्या कारखान्याच्या गेटपाशी लावला आणि तिथल्या वॉचमनच्या खोलीत उजाडेपर्यंत बसून राहिला. तेव्हा कुठं आपण काय करून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं. नाव पोरीचं होतं, आणि पोरीच्या आधी ते दुसऱ्याच कुणाला दिलं होतं. आता आत्यानं ते एकदाचं तिच्या कानात सांगितलं की ते तिचं होईल, एवढाच त्याला आधार.

पाचला त्यानं फोन लावला. "बाळ कसं हाय?"

"झोपलीय," रश्मी म्हणाली. "आज पहिल्यांदाच रात्रभर रडली नाही. मध्येच जागी झाली होती, पण नुसती दाराकडं बघत होती."

त्यानं फोन ठेवला.

नऊला राजगुरुनगरला पोचला. आंघोळ केली, कपडे बदलले. तरी आतल्या खोलीत गेला नाही, पोरीला बोटसुद्धा लावलं नाही. त्याला स्वतःचीच भीती वाटत होती. उंबऱ्याबाहेर उभा राहून तो घड्याळ बघत होता. दहाला बायका पाळण्याभोवती जमल्या. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, सगळं झालं. जयमाला नाव सांगायला वाकली. तिच्या पाठीवर थापा मारायला बायकांनी हात उगारले.

जयमाला बोलेना.

ती तशीच वाकून राहिली. बायकांचे हात वरच थांबले. एकीनं हसून पाहिलं.

"दादा," जयमाला म्हणाली. मान वर न करता. "इकडं ये."

रणजीत गेला.

"हिला कुणी आधीच नाव सांगितलं का रे?"

तो पाळण्यात बघायला वाकला.

पोरीला आठ वाजता न्हाऊ घातलं होतं. कान मऊ कपड्यानं पुसले होते. तिथून ती रश्मीच्या मांडीवर आणि मांडीवरून पाळण्यात. घरभर फरशी. दारात डांबरी रस्ता.

तिच्या डाव्या कानाला माती लागली होती. ओली. दोन ओठ टेकवल्यासारखी.