एकशे चौदावा प्रश्न

"खाली येताना या लिफ्टनं येऊ नका," वर जाताना लिफ्टमधल्या एका माणसाला मी म्हणाले.

ओळख ना पाळख. खिशाला दोन पेनं, हातात कागदांचा गठ्ठा... त्यानं दचकून माझ्याकडे पाहिलं. "का बरं?"

"दाराचा रोलर झिजलाय. ऐकू येत नाही?"

त्यानं कान देऊन पाहिलं. "मला तर काहीच येत नाही."

"कसं येईल? सहा वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्यात का तुम्ही?"

तो हसला. हसताना डोळे पार मिटत होते त्याचे.

चौथ्या मजल्यावर कंपनीच्या कचेरीत माझी परीक्षा होती. एका मोठ्या रुग्णालयातल्या लिफ्टची देखभाल... कायमची नोकरी. हत्यारं हातात घेऊन द्यायच्या परीक्षेत मी पहिली आले होते. आता उरली होती मानसिक चाचणी. तीनशे प्रश्न, उत्तर 'हो' किंवा 'नाही'. आणि प्रश्नपत्रिका वाटायला तोच! कंपनीचा मानसशास्त्रज्ञ.

एकशे चौदावा प्रश्न होता – 'इतरांना ऐकू येत नाहीत असे आवाज मला ऐकू येतात.' मी बेधडक 'हो' लिहिलं. 'केलेलं काम मी पुन्हापुन्हा तपासून पाहते.' हो! न तपासता लिफ्ट सोडली तर माणसं मरतील.

आठवड्यानं पत्र आलं. अपात्र. कारण दिलेलं नव्हतं.

"तुझ्या डोक्यात बिघाड निघाला की काय गं?" आईनं घाबरून विचारलं. तेच मला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तडक त्याच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले.

"मी वेडी आहे का?"

"बसा ना... त्या दिवशी लिफ्ट अडकली. तुमचं ऐकलं नाही. चाळीस मिनिटं आत होतो."

"बरं झालं!"

"निकाल गेल्यावर ते आठवलं, मग तुमची उत्तरपत्रिका काढून वाचली." त्याचा आवाज खाली आला. "पहिल्यांदाच. गुण यंत्र देतं, मी नुसती सही करतो. ही चाचणी मुळात आजारी माणसांसाठी केलेली. इथं ती कोणी आणली, कोणालाच माहीत नाही."

"आणि तुम्ही सही करता?"

त्यानं खिशातलं पेन काढलं. मग कोरा कागद पुढे ओढून म्हणाला, "बाद ठरवणाऱ्या प्रत्येक 'हो'मागचं कारण सांगा. मी लिहून घेतो. वर पाठवतो."

असे सतरा 'हो' होते. तीन दुपारी गेल्या त्यात. वडील गेल्यावर मला झोप का लागेना, हेही मी त्याला सांगितलं... आणि ते ऐकताना तो लिहायचं विसरला.

चौथ्या दिवशी त्यानं फाईल बांधून बाजूला ठेवली. "तुमचा निकाल आता मी देऊ शकत नाही. आमच्या विभागाच्या मोठ्या बाईंकडे देतोय."

"का? माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे हो. माझ्यावरच..." तो खिडकीकडे बघत राहिला. "तुमच्या बाबतीत मी आता निःपक्ष राहिलेलो नाही."

मी तशीच उठले. जिन्यानं खाली निघून आले.

मोठ्या बाईंनी मला दोन तास प्रश्न विचारले, तोंडी. कारणं ऐकून घेतली, मशीनरूममध्ये नेऊन काम करायला लावलं. नोकरी मिळाली. नुसत्या त्या चाचणीवर बाद झालेल्या आणखी चौदा जणांना पुन्हा बोलवायचं ठरलं. त्याच्या कपाळी मात्र लेखी ताकीद आली – इतकी वर्षं न वाचता सह्या केल्याबद्दल. ती चूक त्यानं स्वतःच वर कळवली होती.

नेमणुकीचं पत्र घेऊन मी त्याच्या खोलीत गेले. तो उभाच राहिला.

"आता माझी कुठली फाईल आहे का तुमच्याकडे?" मी विचारलं.

"नाही."

"मग बोला की!"

"मला तुम्ही आवडता..." तो घाईनं म्हणाला. "पहिल्या दुपारपासून."

"मला तिसऱ्या," मी म्हणाले. "पहिल्या दुपारी मी फार चिडले होते."