काळ्या दगडापाशी नववी खुंटी

अरबांच्या मुलखात, सूर बंदराच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीत एक लहानसं गाव आहे. जैनुद्दीनचाचा सकाळी तिथं गेले ते कंपनीच्या हद्दीच्या खुंट्या ठोकायला. तीस वर्षांचं काम. खुंटी ठोकायची, वर लाल चिंधी बांधायची. गाठ मात्र दाभोळच्या जाळ्याची, बापानं शिकवलेली. इथं दुसऱ्या कुणाला ती यायची नाही.

खजुरींना पाणी सोडणारा म्हातारा हळूच जवळ आला.

"इंग्रजांच्या वेळी आमच्या शेखनं त्यांना कबूल केलं होतं, सकाळपासून दुपारपर्यंत माणूस चालेल तेवढी जमीन तुमची. त्यांनी तुमच्या किनाऱ्यावरचा एक खलाशी आणला अन् त्याला पळवला. त्यानं पार पलीकडे खुंटी ठोकली. शेख मागून काठी टेकत आपल्या चालीनं चालला. दुपारी त्या काळ्या दगडापाशी पोचला, म्हणाला हद्द ही, अन् खाली बसला. परत उठला नाही."

"आणि खलाशी?"

"लाजला. खुंटी मागे आणतो म्हणून गेला... दिसला नाही."

"यल्ला चाचा, आटपा! गोष्टी ऐकायचा पगार आहे का?" नकाशावाला साकिब गाडीतून म्हणाला. "दगडापुढच्या खजुरीपण कंपनीच्याच. ठोका."

चाचांनी खजुरींच्या पार पलीकडे आठ खुंट्या ठोकल्या. प्रत्येक ठोक्यामागून काठी टेकल्याचा आवाज यायचा. चाचा थांबले, की तोही थांबायचा. मागं वळून बघायचा धीर काही झाला नाही.

ऊन डोक्यावर आलं तसे दोघं गाडीत बसून डाळभात जेवले. परत गेले, तर खजुरींपलीकडे जमीन नुसती रिकामी. भोकंसुद्धा नाहीत. खुंट्या सगळ्या काळ्या दगडापाशी, ओळीत उभ्या.

"चाचा, नोकरी जाईल तुमची."

"मी तर तुमच्यासमोरच जेवत होतो, साहेब."

"मग ही गाठ कुणाची?"

गाठ चाचांचीच होती.

"उपटा. परत ठोका तिकडं."

चाचांनी हातोडा वाळूत ठेवला. "माझ्यानं नाही व्हायचं, साहेब. द्या घरी पाठवून."

साकिब खुंट्या मोजत होता. मग त्यानं पुन्हा मोजल्या.

नऊ.

नववीचं लाकूड वाळवीनं खाल्लेलं, चिंधीचा रंग कधीच उडालेला. गाठ तीच, दाभोळची. चाचांनी बोट लावलं.

चिंधी ओली होती. कोमट. लांबून धावत आलेल्या माणसाच्या घामासारखी.