पाचव्या पडद्याजवळचा मळ

पौडमध्ये गिटार पाळणं म्हैस पाळण्यापेक्षा अवघड आहे. म्हशीला भिजलेलं चालतं.

बत्तीस वर्षं मी पेपरात विनोदी सदर लिहिलं. निवृत्त झालो तेव्हा, ज्यांच्यावर लिहिलं त्यांची रोज रस्त्यात गाठ पडू नये म्हणून पुणं सोडलं आणि पौडला दोन खोल्यांचं घर घेतलं. बरोबर सात जुन्या गिटारी आणल्या. पुण्याच्या लष्कर भागातली काही कुटुंबं घरं मोडून परदेशी जायची. पलंग विकत द्यायची आणि कपाटावरची गिटार त्यावर फुकट. तशा त्या जमल्या होत्या. मुळशीचा पाऊस चार महिने भिंतींतून घरात येतो. लाकूड फुगतं, सरस सुटतो, तारांना गंज चढतो. म्हणून गिटारींच्या कपाटात पंधरा वॅटचा दिवा सतत जळायचा आणि तळाशी ओल शोषायला कळीच्या चुन्याची वाटी असायची. संधिवात मला होता, ऊब त्यांना मिळायची. डाव्या हाताची बोटं वळत नसल्यामुळे मला तारा दाबता यायच्या नाहीत. मी नुसत्या मोकळ्या तारा छेडायचो. न वाजवणाऱ्याकडेच वाद्यं सुस्थितीत राहतात.

डागडुजीला इस्माईल मिस्त्री होता. बाजारपेठेत त्याची आठ फुटांची भाड्याची जागा. दारं-चौकटी करायचा, भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करायचा, आणि माझ्या गिटारीही. काचपेपर सगळेच सुतार वापरतात, पण इस्माईलचा शेवटचा निकाल त्याचा डावा अंगठा द्यायचा. डोळे मिटून तो अंगठा लाकडावरून फिरवायचा. त्या अंगठ्यावर पटाशीचा जुना व्रण होता, बारीक चंद्रकोरीसारखा. "अंगठा बोलला की काम झालं," म्हणायचा.

चौऱ्याऐंशीच्या जूनमध्ये आठवी गिटार आली. शिसवी पाठ, देवदारी तोंड, आत कुणाचं नाव ना गाव. मान हलत होती. आणि बोटं ठेवायच्या पट्टीवर, आडव्या पितळी पडद्यांच्या मधे, मळ होता. वापरलेल्या गिटारीवर तो असतोच: घाम, कातडीचा भुगा, केसांचं तेल. इथे तो तुपाच्या बुडाशी बसलेल्या बेरीसारखा जाड होता. जुन्या टोपीच्या आतल्या पट्टीला येतो तसा वास येत होता.

इस्माईलनं ती मांडीवर घेतली आणि तोंड वाकडं केलं. "काका, हे आधी खरवडू द्या. परक्याच्या अंगचा मळ हाय."

मी त्याला संग्राहकांचा नियम ऐकवला. मूळचं असेल ते काढायचं नाही. चीर, डाग, ओरखडा, सगळं पवित्र. स्वतः दोनदा आंघोळ करायची आणि गिटारीच्या पारोशेपणाचं कौतुक करायचं, हे आमच्या जमातीत रसिकतेचं लक्षण आहे.

"मग पडद्यांची टोकं कशी बघू?"

"अंगठा फिरव. मळाला धक्का लावू नकोस."

आठ दिवस तो माझ्या ओसरीवर बसून काम करत होता. मान सरसानं बसवली, पडदे एकेक करून तासले, आणि दर वेळी अंगठा पट्टीवरून वरखाली फिरवला. गिटार अशी वाजू लागली की बाकीच्या सात तिच्यापुढे लाकडी वाटाव्यात. त्या लाकडीच होत्या, पण हे आधी कधी जाणवलं नव्हतं. नुसती मोकळी तार छेडली तरी खोलीत कुणी गळा साफ करून गायला बसल्यासारखं व्हायचं.

मळ वाढत होता. पहिल्या दिवशी तो पोस्टकार्डाच्या जाडीचा होता. पाचव्या दिवशी मी तीन कार्डं एकावर एक ठेवली तेव्हा बरोबरी झाली. दमट हवा, असं मी ठरवलं. सहाव्या दिवशी त्यात काडीचं टोक खुपसून पाहिलं. काडी सहज आत गेली. बाहेर काढल्यावर भोक हळूहळू भरून आलं. काडीला पिवळट, केसाळ काहीतरी चिकटलं होतं, आणि काडी कोमट होती. ती मी उंबऱ्याबाहेर टाकली आणि हात तीनदा धुतले.

त्याच दुपारी इस्माईलच्या हातून चहाचा पेला सटकला. नंतर खिळा उचलेना. मग त्यानं अंगठा माझ्यापुढे धरला.

"बोलंना झालाय हो, काका."

सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा अंगठा. एक रेष नाही. चंद्रकोरसुद्धा गेली होती. बाकीची बोटंही तशीच होऊ लागली होती.

सरसानं होतं तसं, मी म्हणालो. खोबरेल लाव, म्हणालो. मला कळलं होतं. सगळं नाही, पण पुरेसं. मात्र दोन दिवसांचं काम शिल्लक होतं आणि गिटार कधी नव्हे अशी गात होती.

दोनच दिवसांनी त्याच्या दुकानाच्या जागेचं खरेदीखत होतं. वीस वर्षं भाड्यानं वापरलेली ती जागा मालक कुशाबा त्यालाच द्यायला तयार झाला होता, पण बावधनचा एक जण गोदामासाठी मागे लागला होता. कुशाबा सरळ माणूस. त्यानं नोंदणी कचेरीच्या दारातच सांगितलं की आज कागद झाला तर मिस्त्रींचा, न्हाईतर उद्या बावधनच्या पाव्हन्याला शब्द देणार. इस्माईलबरोबर त्याची बायको चाँदबी आली होती. मी साक्षीदार.

कारकून जयसिंगराव अंगठ्यांची वही उघडून बसला होता. पान उलटायला बोट जिभेवर, मग पानावर, पुन्हा जिभेवर. उभ्या तालुक्याच्या अंगठ्यांची चव याला ठाऊक असणार, असा विनोद मी मनातल्या मनात केला. सवय जात नाही.

इस्माईलनं शाई लावून अंगठा टेकवला. काळा ठिपका उमटला. पुसून पुन्हा. पुन्हा ठिपका. चार वेळा.

"रेषा कुटं हायेत?" जयसिंगराव म्हणाला. "बिनरेषाचा अंगठा कुनाचाबी असतोय, मिस्त्री. चारच्या आत नीट अंगठा आना."

जणू तो घरी विसरला होता. आणि तसंच होतं.

माझं घर कचेरीमागच्या गल्लीत. हात धुऊन पुन्हा बघू, म्हणून मी दोघांना घेऊन आलो. गिटार खाटेवर पडली होती. खिडकीतून तिरका उजेड पट्टीवर येत होता. पाचव्या पडद्याजवळचा मळ फुगून गोल झाला होता, आणि त्यावर रेषा होत्या. भोवऱ्यासारख्या, बारीक, सुबक. मधोमध चंद्रकोर.

इस्माईल दारातच थबकला. आपला अंगठा मुठीत धरून उभा राहिला.

चाँदबीनं माझ्याकडे पाहिलं. "काका, तुमाला ठावं हुतं?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"ज्याचं हाय त्याला द्या," ती म्हणाली, आणि मी पुढे होत नाही असं पाहून तिनं केसातला आकडा काढला.

मळ सुटायला तयार नव्हता. आकड्याबरोबर तो ताणला गेला, पिकल्या फोडावरची खपली ओढावी तसा, आणि ओल्या आवाजानं निघाला. खालचं लाकूड गुलाबी दिसत होतं, दमट होतं. तिनं तो गोळा नवऱ्याच्या अंगठ्यावर दाबून धरला. कडांनी पिवळं पाणी सुटलं, मनगटापर्यंत ओघळलं. मग कडा मिटल्या.

इस्माईलनं डोळे मिटून अंगठा खाटेच्या कडेच्या लाकडी गातावरून फिरवला.

"बोलतोय," तो म्हणाला, आणि ओसरीवर धावत जाऊन, खाली वाकून भडाभडा ओकला.

चारला वीस मिनिटं कमी असताना अंगठा उमटला. रेष न् रेष, चंद्रकोरीसकट. "आता कसं," जयसिंगराव म्हणाला. टीपकागद दाबला, पण ओल शोषली गेली नाही. "तेल लावून आला काय मिस्त्री?" त्यानं वही मिटली.

जागा इस्माईलची झाली. तो पुन्हा माझ्या ओसरीवर आला नाही. रस्त्यात भेटला की सलाम करतो, उजव्या हातानं. डावा खिशात असतो.

उरलेला मळ मी त्याच आठवड्यात पात्यानं खरवडला. कोरडा भुगा निघाला, त्यात काहीच नव्हतं. गिटार आता आंब्याच्या खोक्यासारखी वाजते. पट्टी स्वच्छ आहे. वाढणारं जे होतं, ते तिच्यात उरलेलं नाही.

गणपती बसायच्या आधी खरेदीखताची नक्कल आणायला मीच कचेरीत गेलो. इस्माईलसाठी एवढं तरी करावं म्हणून. जयसिंगरावानं खतावरचा क्रमांक ताडून बघायला अंगठ्यांची वही ओढली. पानं चिकटली होती. ती फाकली तेव्हा चिकट आवाज झाला, आणि टोपीच्या आतल्या पट्टीचा वास आला.

इस्माईलचा अंगठा अजून ओला होता. आता तो तीन पोस्टकार्डांइतका उंच होता.

समोरच्या पानावर नऊ नावं होती. नऊ चौकोन. कागद पांढरा स्वच्छ, एकाही चौकोनात अंगठा नव्हता.

"सर्द हवा," जयसिंगराव म्हणाला. "शाई धरत न्हाई."

त्यानं पान उलटायला बोट टेकवलं. बोट घसरलं. पुन्हा घसरलं. "पानंच हाताला लागंनात हल्ली, काका," तो हसत म्हणाला आणि बोट मला दाखवलं. खिडकीचा उजेड त्यावर चकाकत होता.

मला सांगता आलं असतं. मी नक्कल घेतली आणि घडी करून खिशात ठेवली.

त्यानं सवयीनं बोट तोंडाकडे नेलं. जीभ बाहेर आली. तीही सोललेल्या अंड्यासारखी गुळगुळीत झाली होती.